साहेब कुठायत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मायन्यात आधी सवयीने 'मा. संपादक साहेब' असंच लिहिलं होतं. सदतीस वर्षं महसूल खात्यात कारकुनी केलेल्या माणसाच्या हातून दुसरं काय उतरणार. शेजारी मुलगी मोबाईल बघत बसलेली, ती म्हणाली बाबा तुम्हाला काय माहीत तिथे साहेब आहेत का कोण आहे, बाई पण असू शकतात. खोडलं. 'महोदय' लिहिलं, तेही खोडलं. 'महोदय/महोदया' लिहिलं तर ते परिपत्रक वाटायला लागलं, खाली 'प्रत माहितीस्तव सादर' लिहावं की काय असं झालं. तानुबाई बिर्जे यांनी 1906 पासून पुढे काही वर्षं 'दीनबंधु' चालवला, म्हणजे मराठीत बाई संपादक होऊन शंभर वर्षं कधीच उलटली आणि आमचा मायना अजून अडतोय. शेवटी नुसतं 'मा. संपादक' ठेवलंय, राग मानू नये.

पत्राचा विषय पण हाच आहे. मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात तीन अधिकाऱ्यांनी पदभार घेतल्याची बातमी होती. दोघा पुरुषांच्या नावामागे श्री. आणि पुढे पद, संपलं. तिसऱ्या बाई होत्या, त्यांच्यासाठी हेडिंग 'महिला अधिकाऱ्याने स्वीकारली सूत्रे', बातमीत सौ., शेवटच्या ओळीत 'मॅडमनी सांगितले' आणि फोटोखाली 'ताईंचे स्वागत करताना कर्मचारी'. चार ओळींत एकाच व्यक्तीला चार हाका. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसणार हे मला मान्य आहे, उलट मान द्यायलाच तो धडपडत होता असं वाटलं, आणि त्याची धडपड बघून मला माझेच दिवस आठवले.

तहसील कचेरीत अर्ज येतो त्यावर काय लिहिलेलं असतं माहितीये ना? 'मा. तहसीलदार सो. यांचे सेवेशी'. हे 'सो.' म्हणजे साहेब. कचेरीबाहेर झाडाखाली बसलेला अर्ज लिहिणारा हे सो. डोळे झाकून लिहितो, आत कोण बसलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. साहेब चांगला असो वाईट असो, नवा असो जुना असो, सो. लागणारच, कारण ते सो. माणसाला नाही खुर्चीला आहे. आमच्याकडे एक तहसीलदार तर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता, पहिल्या दिवशी दारात आला आणि मी उठून उभा राहिलो, साहेब म्हणालो, तोंडाला काही त्रास झाला नाही. पोरगा आहे, लग्न झालंय का, कुणाचा कोण, काही विचारायची गरज पडली नाही, एका शब्दात काम झालं.

मग आल्या बाई. राज्याचं पहिलं महिला धोरण 1994 चं, सरकारी नोकरीत महिलांना 30 टक्के जागा आल्या, तालुक्याला बाई अधिकारी दिसायला लागल्या त्या त्याच्या पुढेमागे. आमच्याकडे पहिल्या बाई तहसीलदार येणार म्हणून ऑर्डर आली तेव्हा कचेरीत सगळ्यात मोठी चर्चा झाली ती त्यांना म्हणायचं काय याची. कामाची नाही, त्या कशा आहेत याची नाही, हाक काय मारायची याची. तुम्हाला वाटेल मॅडम म्हणायचं, सोपं आहे. पण तेव्हा आमच्या क्वार्टर्समध्ये मॅडम म्हणजे साहेबांची बायको. 'साहेब दौऱ्यावर गेलेत, मॅडम घरी आहेत' हे वाक्य शिपाई दिवसातून चार वेळा बोलायचा. म्हणजे मॅडम हा शब्द आधीच साहेबाशी लग्न लावून बसलेला होता. आता खुर्चीवर मॅडम आल्यावर त्यांच्या मिस्टरांना काय म्हणायचं? ड्रायव्हरने दोन दिवसांत तोडगा काढला, तो मिस्टरांना साहेब म्हणायला लागला! ते बिचारे कुठल्यातरी कॉलेजात लेक्चरर होते, तालुक्याच्या कारभाराशी काही संबंध नाही, पण शनिवार रविवारी आले की कचेरीत 'साहेब आलेत' असा निरोप फिरायचा आणि आम्ही सगळे कागद सावरायचो.

एकदा गावात शाळेच्या खोलीचं उद्घाटन होतं. जीपमधून दोघं उतरले आणि गावकऱ्यांनी शाल श्रीफळ पहिलं मिस्टरांच्या हातात दिलं. त्यांनी लाजून बायकोकडे बोट केलं. मग दुसरं नारळ शोधायला पोरगा पळाला. बाई हसल्या, भाषण केलं, निघून आल्या. परत येताना जीपमध्ये कुणी काही बोललं नाही. मी मागे बसलो होतो, मला तेव्हा गंमत वाटली होती, हे कबूल करतो.

आपल्या भाषेतच हे मुरलेलं आहे हो. पाटलाची बायको पाटलीण, डॉक्टरची डॉक्टरीणबाई, मास्तरांची मास्तरीण, कलेक्टरची तर कलेक्टरीणबाई. म्हणजे पदाचं स्त्रीलिंग केलं की मराठीत पूर्वी त्याचा अर्थ बायको असाच व्हायचा, बाईने स्वतः ते पद मिळवलं तर तिच्यासाठी वेगळा शब्द शिल्लकच राहायचा नाही, ती जागा आधीच भरलेली. आता उलटं झालंय. 73 वी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली, पंचायतीत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आपल्याकडे 2011 पासून त्या निम्म्या झाल्या, सरपंच बाई झाली, तर तिच्या नवऱ्यासाठी 'सरपंचपती' असा नवा कोरा शब्द जन्माला आला. आणि गंमत बघा, गावात त्याला कुणी सरपंचपती म्हणत नाही, त्याला सरळ सरपंच म्हणतात आणि तिला वहिनी. हा प्रकार इतका वाढला की पंचायती राज मंत्रालयाला 2023 मध्ये त्यावर समिती नेमायला लागली. समिती नेमून नवरा मीटिंगमधून उठेल का ते बघू, पण निदान त्याला सरपंच म्हणणं तरी आपण बंद करू शकतो, त्याला काही जीआर लागत नाही.

आता 'बाई' या शब्दाचं सांगतो, कारण माझा जीव या शब्दात अडकलाय. माझ्या शाळेत बाई होत्या. आडनाव आणि पुढे बाई, एवढंच. त्या वर्गात आल्या की वर्ग गप्प. जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई, डॉक्टर आनंदीबाई, सगळा इतिहास या बाईने भरलाय. पंडिता रमाबाईंना 1878 ला कलकत्त्यात विद्वानांनी पंडिता म्हणलं, तरी मागचं बाई काही निघालं नाही, दोन्ही शेजारी शेजारी सुखाने राहिले. कुठे कमीपणा वाटला कुणाला? आणि आज कुणा अधिकारी बाईंना 'बाई' म्हणून बघा. मी म्हणून बघितलंय. दुसऱ्या ज्या तहसीलदार आल्या त्यांना मी अगदी शाळेतल्या आदराने 'बाई, ही फाईल' असं म्हणालो आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी फाईल घेऊनच मागे फिरलो. त्यांचं तरी काय चुकलं? आता बाई म्हणजे धुणीभांडीवाली, 'आमची बाई आज आली नाही'. बाई म्हणजे बसमध्ये 'ओ बाई, पुढे सरका'. बाई म्हणजे 'अमक्याला बाईचा नाद आहे'. एवढ्या सगळ्यातून माझी शाळेतली बाई त्यांच्यापर्यंत पोचणार कशी.

आणि फक्त बाईचंच नाही, बायकांच्या मानाचा कुठलाही शब्द घ्या, थोडे दिवस वापरला की त्याचा टोमणा होतो. बाईसाहेब हा किती भारदस्त शब्द होता, आता 'उठल्या का बाईसाहेब' असं घरात दहा वाजता उठणाऱ्या पोरीला म्हणतात. महाराणी तसंच. मॅडमचं पण तेच व्हायला लागलंय, 'मॅडमचा मूड बरा आहे का आज' हे वाक्य मी साहेबांबद्दल पण ऐकलंय पण तिथे भीती असते, इथे हसू असतं. पुरुषांच्या शब्दांची घसरण होत नाही असं नाही हां, गुरुजी आणि मास्तर पण घसरले, सर वर गेले. पण साहेब बघा, कितीही वापरला तरी झिजत नाही, इंग्रज गेले, संस्थानिक गेले, साहेब आहे तिथेच आहे.

सौ. बद्दल तुमच्याच पेपरला जास्त बोलायचंय. पुरुषाला जन्मापासून मरेपर्यंत श्री. पुरतं, मेल्यावर कै. लागतं, ते कै. बायकांना पण लागतं, म्हणजे समानता पाहिजे असेल तर मराठीत आधी मरावं लागतं. बाईला मात्र कुमारी, मग लग्नपत्रिकेत चि. सौ. कां., मग सौ., आणि नवरा गेला की श्रीमती नाहीतर गं. भा. हिंदीवाल्यांची श्रीमती म्हणजे लग्न झालेली बाई, आपल्याकडे श्रीमती वाचलं की लोक मनात म्हणतात 'अरेरे, कधी गेले?' माझ्या हातून ही चूक झालीय. ऑफिसचा निमंत्रणाचा नमुना होता त्यात सरसकट श्रीमती छापून आलं आणि एका नगरसेविकेच्या सासूबाईंचा फोन आला की आमचा मुलगा धडधाकट आहे. मी माफी मागितली. पण मग रात्री विचार आला की मी माफी कशाची मागितली? कार्यक्रमाला येणार त्या बाई, भाषण करणार त्या बाई, आणि नवरा जिवंत आहे का नाही हे पत्रिकेत कळवायची जबाबदारी तालुका कचेरीची का म्हणून? 2023 च्या एप्रिलमध्ये विधवा शब्दाऐवजी गंगाभागीरथी म्हणायचं असा एक प्रस्ताव राज्यात चर्चेला आला होता, मग टीका झाली आणि अजून निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला होता, कुंकू पुसणं बांगड्या फोडणं बंद. एवढ्याशा गावाला जे समजलं ते असं, आणि मुंबईत शोध चालला होता नव्या शब्दाचा.

आता ताई. हे प्रकरण नाजूक आहे कारण ताईमध्ये खरंच माया आहे. सुमित्रा महाजन 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष होत्या, चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरच्या खासदार, आणि सगळा देश त्यांना ताई म्हणायचा. कामकाजात 'अध्यक्ष महोदया' आणि बाहेर ताई. त्यांच्याआधी 2009 ला मीरा कुमार पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या होत्या. राजकारणात पुरुषांना पण दादा, भाऊ, अण्णा, आबा, काका, बापू, तात्या आहेतच, तेव्हा नात्याने हाक मारणं हे फक्त बायकांच्याच नशिबी आहे असं म्हणणं खोटं होईल. फरक असा की पुरुषाला चॉईस आहे. दादाला आवडलं नाही तर त्याला साहेब व्हायची सोय आहे, आणि साहेब झाला की तो वरच्या वर्गात गेला. बाईला ताई, अक्का, माई, वहिनी, आईसाहेब या नात्यांच्या बाहेर यायला दारच नाही, फार तर मॅडम, आणि मॅडमपासून लोक दहा हात लांब. सरकारी योजनेत पण तेच, 2024 मध्ये महिना 1500 रुपये द्यायचे ठरले तर बाईला आधी लाडकी बहीण व्हावं लागलं. पेन्शन मिळतं तेव्हा मला कुणी लाडका काका म्हणत नाही. केंद्राच्या योजनेत तर 'लखपती दीदी' आहे, तिथे पती पण आहे आणि दीदी पण आहे, व्याकरणवाले झोपलेत वाटतं.

पतीवरून आठवलं. प्रतिभाताई पाटील 2007 ला राष्ट्रपती झाल्या (बघा, मी पण ताई लिहिलं, राहू दे, पुरावा म्हणून) तेव्हा राष्ट्रपती म्हणायचं का राष्ट्राध्यक्षा यावर किती शाई खर्च झाली. 2022 मध्ये द्रौपदी मुर्मू आल्या तेव्हा एका खासदाराच्या तोंडून 'राष्ट्रपत्नी' गेलं, संसद बंद पडली, मग त्यांनी जीभ घसरली म्हणून लेखी माफी मागितली. मला विचाराल तर राष्ट्रपती आहे तसंच ठेवावं. सभापती, कुलपती, लखपती, यात कुणाला नवरा दिसत नाही, पती म्हणजे स्वामी, धनी, एवढंच. 'राष्ट्रपती म्हणाल्या' हे वाक्य मराठीत इतकं सरळ चालतं की त्याला हात लावायची गरजच नाही, क्रियापद सगळं सांगून टाकतं. आमदार आल्या, सरपंच बोलल्या, न्यायाधीश उठल्या, कुलगुरू हसल्या, कुठे अडलं? उलट ज्या पदांना आपण हौसेने इका लावतो ती बघा, अंगणवाडी सेविका, परिचारिका, शिक्षिका, नगरसेविका. आणि जिल्हाधिकारी? जिल्हाधिकारिणी कुणी म्हणत नाही. मंत्रिणी कुणी म्हणत नाही. वर गेलं की शब्द पुरुषाचाच राहतो आणि मग तो बाईला बसत नाही असं वाटून आपण त्याच्यामागे 'महिला' चिकटवतो. अध्यक्षा, मुख्याध्यापिका, प्राचार्या हे अपवाद आहेत, ते छान आहेत, ते राहू देत.

क्रियापदावरून घरातली एक गोष्ट सांगतो, सगळ्यांच्या घरातली आहे. 'बाबा आले.' 'आई आली.' हे मी आयुष्यभर बोललो, कधी कानाला खटकलं नाही. बाबांना अनेकवचन, आईला एकवचन. नवऱ्याला अहो, बायकोला अगं. यात माया आहे हे खरं, आईला अहो म्हणलं तर तीच विचारेल बरं वाटतंय ना. पण लहानपणापासून कानाला हीच सवय लागली की घरात आदराचं बहुवचन पुरुषाचं आणि जवळिकीचं एकवचन बाईचं, मग हेच कान घेऊन आपण ऑफिसात जातो. समोर 'मॅडम आल्या', पाठ वळली की 'ती आली का रे?' साहेबाला पण पाठीमागे 'तो' म्हणतात, शिव्या पण देतात, पण त्याचा 'तो' होतो तो रागाने, हिची 'ती' होते ती आपोआप. कोल्हापूरकडच्या बायका 'मी जातो', 'मी येतो' म्हणतात त्याला बाकीचे महाराष्ट्रवाले हसतात, मला आता वाटतं त्यांनी आपल्या पुरतं प्रकरण निकालात काढलंय.

तर माझा तोडगा असा होता की साहेब हा शब्द बाईंना पण लावावा. 'तहसीलदार साहेब आल्या.' ऐकायला विचित्र वाटतं का? अजिबात वाटायचं कारण नाही, 'आईसाहेब आल्या', 'वहिनीसाहेब आल्या', 'राणीसाहेब बसल्या' हे आपण पिढ्यानपिढ्या बोलतोय, साहेब आणि बाईचं क्रियापद यांचं मराठीत कधीच भांडण नव्हतं. फक्त आपण मधे नातं घालत होतो, ते नातं काढून पद घालायचं, एवढीच दुरुस्ती. अर्जावर सो. आहेच, तोंडात पण येऊ दे. हे मी मुलीला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती बँकेत ऑफिसर आहे, तिला दिवसभर ग्राहक ताई, मॅडम आणि कधी कधी 'साहेब आहेत का आत' असं विचारतात. ती म्हणाली छान आहे बाबा, म्हणजे खुर्चीवर बसायचं असेल तर आधी पुरुष व्हा. आणि तिने मला दिल्ली हायकोर्टातला एक किस्सा सांगितला, 2022 च्या फेब्रुवारीतला. न्यायमूर्ती रेखा पल्ली यांच्यासमोर एक वकील सारखे सर, सर म्हणत होते. त्या म्हणाल्या मी सर नाही, ते तुम्हाला कळत असेल अशी आशा आहे. वकील म्हणाले सॉरी, तुम्ही ज्या खुर्चीत बसलाय तिच्यामुळे तोंडातून निघालं. त्यावर त्या म्हणाल्या की मग तर हे जास्तच वाईट, इतक्या काळानंतरही ही खुर्ची सरांचीच आहे असं तुम्हाला वाटत असेल तर.

मी गप्प झालो. कारण तो वकील म्हणजे मीच की. खुर्चीला साहेब म्हणायचं, बाई बसली तरी म्हणायचं, हे मला समानतेचं वाटत होतं आणि खुर्चीचं लिंग मी तपासलंच नव्हतं. दोन दिवस हा विषय घरात बंद होता.

मग मीच परत काढला, कारण कारकून फाईल बंद करत नाही. मी म्हणलं ठीक आहे, पण मग वारीत काय होतं ते सांग. वारीत बाई असो बाप्या असो, म्हातारा असो पोर असो, हाक एकच, माउली. बंदोबस्ताचा पोलीस पण म्हणतो माउली पुढे चला. माउली म्हणजे आई, आणि ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो, विठोबाला म्हणतो, तिथे कुणा पुरुषाला वाटलं नाही की आपल्याला बाई व्हावं लागतंय. कीर्तनकाराच्या नावामागे ह.भ.प. लागतं, बुवा असोत का ताई, हरिभक्तपरायण म्हणजे हरिभक्तपरायण, त्याला आकार उकार नाही. शब्द एका लिंगातून निघून सगळ्यांचा होऊ शकतो, आपल्याकडे झालेला आहे. मग साहेबच का नाही होणार? ती म्हणाली माउली होताना पुरुष मायाळू होतात त्यामुळे कुणाचं काही जात नाही, साहेब होताना बाईला मिशी लावावी लागते. मला यावर उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. तिचं म्हणणं आहे की नुसतं पद आणि आडनाव पुरे, बाकी शेपूट नको. केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या माथूर ग्रामपंचायतीने 2021 मध्ये कार्यालयात सर आणि मॅडम दोन्ही बंद केलं, नावाने नाहीतर पदाने बोला म्हणून ठराव केला. 2023 मध्ये तिथल्याच बालहक्क आयोगाने सांगितलं की शाळेत सर, मॅडम नको, सगळ्यांना टीचर म्हणा. कोर्टातसुद्धा मायलॉर्ड सोडा आणि 'युअर ऑनर' नाहीतर 'ऑनरेबल कोर्ट' म्हणा असं बार कौन्सिलने 2006 लाच सांगितलंय, वकील ऐकत नाहीत तो भाग वेगळा. ऑनरेबल कोर्ट मला आवडलं, त्यात बाप्या पण नाही बाई पण नाही. पण मराठी माणसाला नुसतं 'तहसीलदार, जरा ऐका' म्हणायला जमेल का? जीभ रेटत नाही. आमच्या जिभेला शेपूट लागतंच, ते कुठलं लावायचं एवढाच प्रश्न आहे आणि त्यावर बापलेकीचं एकमत नाही.

ज्यावर एकमत आहे ते तुमच्याकडे मागतो. पेपरात बाई अधिकारी, मंत्री, न्यायाधीश यांच्या नावामागचं सौ. काढा, श्रीमती पण काढा, श्री. पण काढा, तुमची शाई वाचेल. पदाआधीचं 'महिला' काढा, बातमीच जर पहिली महिला असण्याची असेल तर असू दे, उदाहरणार्थ सुजाता सौनिक 2024 ला राज्याच्या पहिल्या महिला मुख्य सचिव झाल्या ती बातमीच आहे, पण दुसऱ्या दिवसापासून त्या नुसत्या मुख्य सचिव. ताई, वहिनी, मॅडम हे अवतरणात, कुणी बोललं असेल तर. कडक काम केलं की रणरागिणी हे बंद करा, पुरुषाने अतिक्रमण हटवलं की ती कारवाई असते आणि बाईने हटवलं की रणरागिणीचा अवतार, अहो तिच्या हातात पण कलम आणि नोटीसच असते. आणि 'ती म्हणाली', 'त्या म्हणाल्या' यात एकाच बातमीत घोळ नको. सरपंच बाईच्या बातमीत नवऱ्याची प्रतिक्रिया तर अजिबात नको, फोन त्याने उचलला तर 'सरपंचांना द्या' म्हणा, हे मी अनुभवाने सांगतोय, दोन तीन वेळा म्हणलं की देतात.

शेवटचं सांगून थांबतो, जागा बरीच खाल्ली. तिसऱ्या ज्या तहसीलदार होत्या, माझ्या रिटायरमेंटच्या आधी दोन वर्षं, त्यांच्याकडे एक म्हातारी श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन आली. नव्वदीच्या आसपासची, पाठीत वाकलेली. दार ढकलून आत आली, टेबलामागे बाई बघितल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली 'साहेब कुठायत?' मी काही बोलायच्या आत तहसीलदारच म्हणाल्या, आजी मीच. म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, मग म्हणाली 'तू साहेब हाईस व्हय? मग हे बघ की माझं.' आणि अर्ज पुढे केला. मी सवयीने म्हातारीवर खेकसलो की आजी अहो म्हणा, मॅडम म्हणा. तर तहसीलदार माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या त्यांना कळलंय मी कोण आहे ते, तुम्ही कशाला मधे पडता.

अर्जावर वर लिहिलेलं होतं 'मा. तहसीलदार सो.' उत्पन्नाचा दाखला जोडलेला नव्हता, तो मी त्याच दिवशी काढून दिला.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून